दहा विक्रम आणि हुकलेल्या अंतिम फेऱ्या : चिकाटीविषयीच्या एका प्रश्नाला उत्तर

प्रश्न एका वडिलांचा आहे. त्यांची सोळा वर्षांची मुलगी तीन हजार मीटर धावते. जिल्हा स्पर्धेतून तिची दरवर्षी निवड होते, विभागीय स्पर्धेत मात्र ती सलग दोन वर्षे चौथी आली आणि राज्यस्तरावर जाण्याची संधी दोन्ही वेळा हुकली. आता ती सकाळच्या सरावाला टाळाटाळ करू लागली आहे आणि ‘मला नाही जमणार’ असे घरात बोलून दाखवते. मोठ्या खेळाडूंमध्ये जी चिकाटी दिसते ती आपल्या मुलीत नाहीच असे समजायचे का, आणि नसेल तर त्या खेळाडूंची उदाहरणे सांगून ती तिच्यात आणता येईल का, असे त्यांनी विचारले आहे.

मध्यम आणि लांब पल्ल्याच्या धावपटूंना शिकवण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत आणि हा प्रश्न दर हंगामाच्या शेवटी कोणी ना कोणी पालक घेऊन येतातच. माझे उत्तर आधी थोडक्यात सांगतो. मोठ्या खेळाडूंची कारकीर्द हरलेल्या शर्यती न वगळता पाहिली, तर त्यांची चिकाटी ही एखाद्या क्षणी दाखवलेल्या जिद्दीपेक्षा काम करण्याच्या एका विशिष्ट रीतीत अधिक दिसते. उद्दिष्ट धरून ठेवायचे आणि तिथे पोहोचण्याची पद्धत मात्र गरज पडेल तशी बदलत राहायची, ही ती रीत. ज्याने दोन्ही घट्ट धरले तो बहुधा दुखापतीत अडकतो आणि ज्याने दोन्ही सोडले त्याचा खेळच संपतो. शिवाय ही रीत कोणाही खेळाडूला एकट्याच्या बळावर निभावता आलेली नाही, हे पालकांनी विशेष लक्षात घ्यावे.

अविनाश साबळेचे उदाहरण मी सविस्तर घेतो, कारण त्याची वाटचाल वेळांच्या आकड्यांत नोंदलेली आहे आणि तुमच्या मुलीच्या शर्यतीशी तिचे जवळचे नाते आहे. बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्यातले मांडवा हे त्याचे गाव. लहानपणी शाळेसाठी सहा किलोमीटरची पायपीट असे. बारावीनंतर तो सैन्यात महार रेजिमेंटमध्ये भरती झाला आणि सियाचीनसारख्या ठिकाणी त्याने नोकरी केली. म्हणजे ज्या वयात आपल्याकडच्या मुलामुलींना ‘आता काही होत नाही’ असे सांगितले जाते, त्या वयात त्याचे खरे ट्रॅकवरचे आयुष्य सुरूही झाले नव्हते. सैन्यातल्या क्रॉसकंट्रीतून, म्हणजे ट्रॅकऐवजी मोकळ्या रानातल्या शर्यतींतून, तो पुढे आला आणि प्रशिक्षक अमरीश कुमार यांनी त्याला तीन हजार मीटर स्टीपलचेसकडे वळवले.

या शर्यतीत साधारण साडेसात फेऱ्यांमध्ये अठ्ठावीस अडथळे आणि सात वेळा पाण्याची उडी असते. पुरुषांच्या अडथळ्याची उंची ९१.४ सेंटीमीटर असते आणि हर्डल्सच्या शर्यतीत धक्का लागला की अडथळा जसा पडतो तसा हा पडत नाही. पाय अडकला तर पडतो तो धावपटू. पाण्याच्या उडीला अडथळ्यापलीकडे ३.६६ मीटर लांबीचा खड्डा असतो, त्यामुळे ओले बूट घेऊनच पुढचे सगळे अंतर कापावे लागते. अशा शर्यतीत नुसता जोर कामाला येत नाही. पाय थकलेले असताना अडथळ्याच्या किती आधी उडी घ्यायची याचा अंदाज सातव्या फेरीलाही पहिल्या फेरीइतकाच नेमका यावा लागतो आणि तो हजारो वेळा केलेल्या सरावानेच येतो.

आता आकडे पाहा. २०१८ च्या आशियाई क्रीडा स्पर्धेसाठी साबळे पात्र ठरू शकला नव्हता. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये भुवनेश्वरला त्याने ८ मिनिटे २९.८० सेकंद अशी वेळ दिली आणि गोपाल सैनी यांचा १९८१ पासूनचा, म्हणजे सदतीस वर्षे टिकलेला राष्ट्रीय विक्रम मोडला. तिथून पुढे त्याने स्वतःचाच विक्रम पुन्हा पुन्हा मोडला आणि जुलै २०२४ मध्ये डायमंड लीग या आंतरराष्ट्रीय स्पर्धामालिकेतल्या पॅरिसच्या स्पर्धेत ८ मिनिटे ०९.९१ सेकंदांची वेळ दिली, तेव्हा राष्ट्रीय विक्रम मोडण्याची त्याची ती दहावी वेळ होती. सहा वर्षांच्या आत एकूण सुधारणा झाली ती जेमतेम वीस सेकंदांची. ती साडेसात फेऱ्यांवर आणि तेवढ्या वर्षांवर वाटून पाहिली, तर दर फेरीमागे वर्षाला अर्ध्या सेकंदाहूनही कमी येते. हा हिशोब मी माझ्या प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला वहीत मांडायला लावतो. दर फेरीला अर्धा सेकंद ही सुधारणा प्रेक्षकांना दिसत नाही, घरच्यांना जाणवत नाही आणि खुद्द धावपटूलाही सरावात जाणवत नाही. ती फक्त स्टॉपवॉच आणि डायरी या दोघांनाच कळते. ज्या मुलीच्या हातात डायरी नाही तिने आपली प्रगती थांबली असे मानले, तर त्यात तिचा दोष नाही.

त्या दहा विक्रमांच्या मधल्या काळात काय घडत होते, हे चिकाटीच्या दृष्टीने मला अधिक मोलाचे वाटते. २०१९ मध्ये दोहाच्या जागतिक स्पर्धेत प्राथमिक फेरीत दुसऱ्या धावपटूमुळे त्याच्या वाटेत दोनदा अडथळा आला. तरीही त्याने ८ मिनिटे २५.२३ सेकंद असा राष्ट्रीय विक्रम केला, पण क्रमांकाने तो अंतिम फेरीत जात नव्हता. भारतीय संघाने दाद मागितल्यावर त्याला अंतिम फेरीत घेण्यात आले आणि तीन दिवसांनी तिथे त्याने ८ मिनिटे २१.३७ सेकंद अशी आणखी चांगली वेळ दिली. क्रमांक आला तेरावा. टोकियो ऑलिंपिकमध्ये पुन्हा राष्ट्रीय विक्रम, ८ मिनिटे १८.१२ सेकंद, आणि तरीही अंतिम फेरी हुकली. आयुष्यातली सर्वोत्तम शर्यत धावूनही बाहेर पडावे लागणे ही गोष्ट धावपटूला किती खोल लागते, हे मी मैदानाच्या कडेला अनेकदा पाहिले आहे. साबळे मात्र वर्षभराने, ऑगस्ट २०२२ मध्ये, बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ८ मिनिटे ११.२० सेकंदांत रौप्यपदक घेऊन गेला. १९९८ पासून २०१८ पर्यंत प्रत्येक राष्ट्रकुल स्पर्धेत या शर्यतीची तिन्ही पदके केनियाने नेली होती आणि तिथे त्याचे सुवर्ण अवघ्या पाच शतांश सेकंदांनी हुकले.

गोष्ट इथे संपवली तर ती ऐकायला छान वाटते, पण खरी कारकीर्द अशी सरळ चढत जात नाही. त्या पदकानंतर वर्षभराने, २०२३ मध्ये बुडापेस्टच्या जागतिक स्पर्धेत तो प्राथमिक फेरीतच बाहेर पडला. त्यानंतर काही आठवड्यांतच हांगझोउच्या आशियाई स्पर्धेत त्याने ८ मिनिटे १९.५० सेकंदांच्या स्पर्धा-विक्रमासह सुवर्ण जिंकले. पॅरिस ऑलिंपिकमध्ये या शर्यतीची अंतिम फेरी गाठणारा तो पहिला भारतीय पुरुष ठरला आणि तिथे अकरावा आला. जुलै २०२५ मध्ये मोनॅकोच्या शर्यतीत त्याच्या गुडघ्याच्या अस्थिबंधाला गंभीर दुखापत झाली आणि शस्त्रक्रिया करावी लागली. अपयशानंतर यश आणि मग कायमचे यश, अशा क्रमाने खेळाडू घडतो असे जे आपण मुलांना सांगतो, ते त्यांचे नुकसान करते. कारण एकदा राज्यस्तरावर पोहोचल्यावर पुढच्या वर्षी पुन्हा जिल्ह्यातच अडकलेली मुलगी मग स्वतःलाच नालायक ठरवते. साबळेच्या बाबतीत विक्रम आणि हुकलेली अंतिम फेरी या दोन्ही गोष्टी एकाच शर्यतीत घडल्या. तुमच्या मुलीला हे जरूर सांगा, आणि तिच्या दोन विभागीय शर्यतींच्या वेळा किती होत्या हे तिलाच विचारा. क्रमांक चौथाच राहिला असला तरी वेळ सुधारली असेल तर ती थांबलेली नाही.

आता तुमच्या मुलीच्या शर्यतीकडे येतो, कारण ‘चिकाटी कमी पडली’ असे जिथे म्हटले जाते तिथे अनेकदा चूक दुसरीकडेच असते. तीन हजार मीटरला सव्वाअकरा मिनिटे घेणारी मुलगी धरू. तिची सरासरी चारशे मीटरच्या फेरीला नव्वद सेकंद होते. शालेय स्पर्धेत बंदुकीचा आवाज झाला की सगळ्या मुली घोळक्याने सुटतात आणि पहिली फेरी ऐंशी-ब्याऐंशी सेकंदांत होते. दुसरी शहाऐंशी. तिसरीपासून श्वास चढतो. चौथी आणि पाचवी फेरी सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवपर्यंत घसरते, आणि त्याच दोन फेऱ्यांत पुढच्या तिघी पन्नास-साठ मीटरने निसटून जातात. शेवटच्या फेरीत ती जीव तोडून धावते, पण तोवर ते अंतर भरून निघण्यासारखे राहिलेले नसते. बाहेरून पाहणारे म्हणतात की मधेच सोडून दिले. प्रत्यक्षात पहिल्या दीड मिनिटात जी आठ-दहा सेकंदे तिने कमावली, त्यांची किंमत ती चौथ्या आणि पाचव्या फेरीत दुपटीने मोजत असते.

म्हणून मी चिकाटीचा सराव घेतो तो पहिल्या फेरीपासून. सहा वेळा चारशे मीटर, प्रत्येक फेरी नव्वद सेकंदांत, मध्ये दोनशे मीटर हळू जॉगिंग. नवी मुले पहिली चौऱ्याऐंशीत करून माझ्याकडे कौतुकाच्या अपेक्षेने पाहतात. मी त्यांना ती फेरी मोजत नाही असे सांगतो. चौथ्या फेरीपासून मी घड्याळापेक्षा शरीराकडे अधिक पाहतो. खांदे कानांकडे चढू लागले, मुठी आवळल्या गेल्या, हनुवटी वर गेली आणि पाऊल शरीराच्या फार पुढे पडू लागले की धावपटू वेगाशी झगडत आहे असे समजावे. त्या वेळी ‘अजून जोर लाव’ म्हणून ओरडणे हा सर्वांत निरुपयोगी सल्ला आहे. ‘हात सोड, खांदे खाली’ एवढे दोन शब्द सांगितले तर पुष्कळदा तीच मुलगी तेवढ्याच श्रमात फेरीमागे एखादा सेकंद कमी घेते. सहावी फेरी नव्वदीत आली की सराव संपला, अंगात आणखी दोन फेऱ्यांचा दम शिल्लक असला तरीही. उद्या पुन्हा यायचे आहे, हे भान मोठ्या खेळाडूंना पक्के असते आणि आपल्या हौशी प्रशिक्षकांना बहुधा नसते. रोज मुलांना उलटी होईपर्यंत पळवणारा प्रशिक्षक कडक म्हणून गावात नावाजला जातो, पण त्याच्याकडची मुले दोन हंगामांपलीकडे टिकत नाहीत, हे मी बघत आलो आहे आणि त्याचे मला मनापासून वाईट वाटते.

पद्धत बदलण्याचा मुद्दा दोन कोल्हापूरकरांच्या उदाहरणांनी अधिक स्पष्ट होईल. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे, पण कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात आणि तिथल्या तालमीच्या वातावरणात घडलेले खाशाबा जाधव १९४८ मध्ये लंडन ऑलिंपिकला गेले, तेव्हा त्यांची सगळी कुस्ती लाल मातीतली होती आणि तिथे लढायचे होते ते मॅटवर, आंतरराष्ट्रीय नियमांनी. त्यांचा सहावा क्रमांक आला. त्यांनी ऑलिंपिकचे ध्येय सोडले नाही, पण मॅटवरची पकड, गुणांचा हिशोब आणि नियम यांवर पुढची चार वर्षे मेहनत घेतली, फ्लायवेटऐवजी त्यावरच्या बँटमवेट वजनगटात उतरले आणि १९५२ मध्ये हेलसिंकीला कांस्यपदक जिंकले. मातीतली जुनीच मेहनत दुप्पट केली असती तर त्यातून मॅटवरचे पदक आले असते असे मला वाटत नाही. आणि हेलसिंकीचा खर्च उभा राहावा म्हणून राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर सात हजार रुपयांना गहाण टाकले होते, हेही त्या पदकाच्या इतिहासातच मोडते.

त्यानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूला ऑलिंपिकमध्ये पुन्हा वैयक्तिक पदक मिळायला बहात्तर वर्षे लागली. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसमध्ये पन्नास मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये, म्हणजे गुडघ्यावर बसून, पालथे झोपून आणि उभ्याने अशा तीन टप्प्यांत नेम धरण्याच्या प्रकारात, ४५१.४ गुणांसह कांस्य मिळवले. त्याच्या आधीच्या दोन वर्षांतल्या दोन स्पर्धा मी मुद्दाम सांगतो. २०२२ मध्ये कैरोच्या जागतिक स्पर्धेत तो चौथा आला. देशाला ऑलिंपिक कोटा, म्हणजे ऑलिंपिकमध्ये एका खेळाडूची जागा, मिळाला, पदक मात्र नाही. २०२३ मध्ये हांगझोउच्या आशियाई स्पर्धेच्या अंतिम फेरीत तो आघाडीवर होता, उभ्याने नेम धरण्याच्या टप्प्यात एका गोळीला ७.६ एवढेच गुण मिळाले आणि तो पुन्हा चौथा. जिथे प्रत्येक गोळीला दहाच्या आसपास गुण मिळतात आणि दशांशांनी निकाल लागतो तिथे ७.६ म्हणजे एका क्षणात सगळे हातचे जाणे. पुढच्या वर्षी पॅरिसला तो गुडघ्यावर बसून नेम धरण्याच्या पहिल्या टप्प्यात मागे होता, आणि जो उभ्याने नेमबाजीचा टप्पा हांगझोउला त्याच्यावर उलटला होता त्याच टप्प्यात वर सरकून त्याने पदक घेतले. तुमची मुलगी सलग दोनदा चौथी आली आहे म्हणून हे उदाहरण तिला जवळचे वाटेल. मात्र ते सांगताना ‘बघ, चौथा आला तरी त्याने सोडले नाही’ एवढ्यावर थांबू नका. कमकुवत टप्पा कोणता हे नेमके हेरून त्यावर काम करणे, हा त्यातला उपयोगी भाग आहे. आणि त्याच्यामागेही २००९ पासून राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीतले शिक्षण, रेल्वेची नोकरी आणि दीपाली देशपांडे यांच्यासारख्या, स्वतः अथेन्स ऑलिंपिक खेळलेल्या प्रशिक्षक होत्या.

कधी कधी बदलावी लागते ती शर्यतच. माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर मॅरेथॉन धावत होती आणि मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत पहिली येत होती. पुढे ती स्टीपलचेसकडे वळली, २०१४ च्या इंचॉन आशियाई स्पर्धेत तिने कांस्य मिळवले आणि २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकमध्ये ९ मिनिटे १९.७६ सेकंदांच्या राष्ट्रीय विक्रमासह अंतिम फेरी गाठली. पी. टी. उषा यांच्यानंतर बत्तीस वर्षांनी एखादी भारतीय महिला ऑलिंपिकच्या ट्रॅकवर अंतिम फेरीत धावली. तुमच्या मुलीने तीन हजारऐवजी पंधराशे किंवा क्रॉसकंट्री धावून पाहिले आहे का, हे तिच्या प्रशिक्षकांना विचारण्यासारखे आहे. सोळाव्या वर्षी एकाच शर्यतीला बांधून घेण्याचे काही कारण नाही.

थांबण्याबद्दलही स्पष्ट लिहिले पाहिजे, कारण चिकाटीच्या नावाखाली सर्वांत मोठे नुकसान इथेच होते. अमेरिकेची जिम्नॅस्ट सिमोन बाइल्स हिने टोकियो ऑलिंपिकमध्ये हवेत गिरकी घेताना शरीराची जाणीव सुटू लागल्यावर बहुतेक अंतिम फेऱ्यांतून माघार घेतली. तिच्यावर तेव्हा कठोर टीका झाली. पॅरिसला ती परत आली आणि तीन सुवर्ण व एक रौप्य जिंकली. तिने त्या वेळी हट्टाने उड्या मारल्या असत्या तर मानेला किंवा पाठीला कायमची इजा होण्याचा धोका होता. योग्य वेळी घेतलेली ती माघार मी तिच्या चिकाटीतच मोजतो.

धावण्यात हा प्रश्न नडगीच्या आणि पायाच्या हाडांपाशी येतो. सरावानंतर मांड्या-पोटऱ्या दोन्हीकडे सारख्या दुखणे आणि दोन दिवसांत ते ओसरणे हे नेहमीचे आहे. पण हाडावर एका ठिकाणी बोट दाबल्यावर नेमके तिथेच दुखत असेल, धावता धावता दुखणे वाढत असेल, त्यामुळे चाल बदलत असेल किंवा रात्री झोपेतही ठणकत असेल, तर त्या दिवसापासून धावणे बंद करून हाडांच्या डॉक्टरांना दाखवले पाहिजे. ‘मोठे खेळाडू असेच दुखणे सोसून मोठे होतात’ हे वाक्य अशा वेळी कोणीही उच्चारू नये. हाडाला गेलेला बारीक तडा वेळेत ओळखला तर काही आठवड्यांच्या विश्रांतीने भरून येतो आणि दुर्लक्षित राहिला तर हंगामच्या हंगाम जातो.

मुलीच्या आईने आणखी एका गोष्टीकडे लक्ष द्यावे, आणि आई नसेल तर घरातल्या किंवा शाळेतल्या जाणत्या बाईंनी द्यावे. लांब पल्ल्याच्या मुलींत सरावाच्या मानाने खाणे कमी पडले की पाळी अनियमित होते किंवा थांबते, हाडे कमकुवत होतात, चिडचिड वाढते आणि वेळ काही केल्या सुधारत नाही. वजन कमी केले की वेग वाढेल असा समज मैदानावर सर्रास पसरलेला आहे आणि मुली मुकाट्याने जेवण कमी करतात. ज्या मुलीला ‘हिच्यात आता पूर्वीसारखी जिद्द राहिली नाही’ असे म्हटले जाते, तिचे रक्त तपासले तर हिमोग्लोबिन कमी निघते, असे माझ्या पाहण्यात अनेकदा आले आहे. सरावाला टाळाटाळ करणाऱ्या मुलीच्या मनाविषयी काही ठरवण्याआधी तिची झोप, तिचे जेवण, तिची पाळी आणि तिचे रक्त एवढे तपासून घ्या. सकाळी पाचला उठणारी मुलगी रात्री अकरापर्यंत क्लासचा अभ्यास करत असेल, तर ती थकलेली आहे आणि थकलेल्या माणसाला काहीच जमेल असे वाटत नाही.

आणखी एक गोष्ट तुम्हाला पटायला जड जाईल, तरी ती सांगणे माझे कर्तव्य आहे. ज्यांची नावे मी वर घेतली त्यांच्याइतकीच मेहनत करणारे, त्यांच्याइतकेच शिस्तीचे असे शेकडो खेळाडू कुठेही पोहोचले नाहीत. त्यांच्यावर लेख येत नाहीत, म्हणून चिकाटी ठेवली की यश मिळतेच असा समज पसरतो. शरीराची उपजत क्षमता, वेळेवर भेटलेला प्रशिक्षक, घरची परिस्थिती, जवळ ट्रॅक असणे, दुखापत नेमकी कोणत्या महिन्यात झाली, या सगळ्याचा त्यात वाटा असतो. साबळेची ८ मिनिटे ०९.९१ सेकंद ही वेळ भारतात सर्वोत्तम आहे, आणि तरीही इथिओपियाच्या लामेचा गिरमाचा ७ मिनिटे ५२.११ सेकंदांचा जागतिक विक्रम तिच्यापेक्षा जवळजवळ अठरा सेकंदांनी पुढे आहे. हे अंतर साबळेची चिकाटी कमी आहे म्हणून राहिले असे कोणीही म्हणणार नाही. तेव्हा चौथ्या आणि पहिल्या क्रमांकातले सगळे अंतर मुलीच्या स्वभावाच्या खात्यावर मांडू नका. पदकाची हमी देऊन मुलांना मैदानात टिकवणारे लोक पुढे त्यांना विलक्षण एकटे पाडतात. आपली वेळ कशी सुधारते हे स्वतः मोजता येणे, थकल्यावरही अंगाची ढब सांभाळता येणे आणि निकाल मनासारखा न लागलेल्या आठवड्यातही सोमवारी मैदानावर येता येणे, या तीन गोष्टी मात्र मनापासून शिकणाऱ्या प्रत्येकाला मिळू शकतात आणि त्यांच्यासाठी राज्यस्तराची अट नाही.

म्हणून आत्ता काय करावे ते सांगतो. पहिले दोन आठवडे तिला सराव पूर्ण बंद ठेवू द्या आणि त्या काळात धावण्याचा विषय घरात काढू नका. नुकताच हंगाम संपला आहे, मोठे खेळाडूही हंगामानंतर अशी विश्रांती घेतात. या पंधरवड्यात वर सांगितलेल्या तपासण्या करून घ्या. त्यानंतर ती स्वतःहून मैदानाचा विषय काढते का, मैत्रिणींकडे सरावाची चौकशी करते का, हे नुसते पाहा. परत जायचे ठरले तर सरावाचे दिवस आठवड्यात पाचाच्या वर नकोत आणि त्यांतले जोराचे दोनच. बाकीचे दिवस बोलत बोलत धावता येईल इतक्या सावकाश गतीचे. शक्य असेल तर तिच्याच वेगाची एखादी मैत्रीण सरावाला जोडीला मिळवा, कारण एकटीने धावणारी मुलगी पावसाळ्यात हमखास गळते. एक वही घ्या आणि रोज चारच गोष्टी तिने स्वतः लिहायच्या : किती धावले, कोणत्या वेळेत, झोप किती झाली, आणि कसे वाटले. ती वही तुम्ही तपासायची नाही. ती तिची आणि तिच्या प्रशिक्षकांची.

पुढच्या हंगामातल्या पहिल्या दोन शर्यतींना उद्दिष्ट ठेवायचे ते क्रमांकाचे नको, फेऱ्यांच्या वेळेचे हवे : पहिली फेरी ठरल्यापेक्षा दोन सेकंदांहून जलद जाऊ द्यायची नाही आणि चौथी-पाचवी फेरी पहिल्यापेक्षा तीन सेकंदांहून जास्त घसरू द्यायची नाही. मैदानाच्या कडेला उभे राहून प्रत्येक फेरीची वेळ कागदावर टिपण्याचे काम तुम्ही करा. शर्यत सुरू असताना तिला ओरडून सांगायचे असेल तर फक्त तो आकडा सांगा. हंगाम संपला की तुम्ही, ती आणि तिचे प्रशिक्षक असे तिघे बसून वही आणि ते कागद समोर ठेवा. तिच्या वेळा सुधारल्या असतील आणि तिला पुढे जायचे असेल, तर पुढची दोन वर्षे आखा. वेळा सुधारूनही तिला नकोसे वाटत असेल, तर दुसरी शर्यत किंवा दुसरा खेळ तिने निवडावा. दहावीनंतरच्या अभ्यासासाठी ती सगळेच थांबवू म्हणाली, तरी तिचा निर्णय मान्य करा. विभागीय स्पर्धेत ती कितवी आली याची चर्चा त्या बैठकीत सगळ्यात शेवटी ठेवा.